उद्धवरावचं बोट

बेल्यापासून भीमपूरपर्यंत कोणी जुनी गाडी घ्यायला निघाला, की घरचे आधी एकच विचारायचे, "उद्धवरावनं बोट घातलं का?" रंग कसा, टायर किती झिजले, कागद कोणाच्या नावावर, हे सगळं नंतर. आधी उद्धवराव मिस्त्रीचं बोट.

बोट म्हणजे उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. गाडी सपाट जागेवर उभी करायची, इंजिन बंद करून तेल खाली बसू द्यायचं, मग हा बाबा पोतं अंथरून गाडीखाली सरकायचा. आधी गिअरबॉक्सचं बूच उघडायचा. मग मागच्या दोन चाकांच्या मधे तो लोखंडी गोळा असतो ना, कंपनीवाले ज्याला डिफरन्शियल म्हणतात आणि इकडे सगळे नुसता गोळाच म्हणतात, त्याचं. भोकातून बोट आत घालून पेर खाली वाकवायचं. तेल भोकाच्या काठाशी लागलं तर बरोबर, खाली शोधावं लागलं तर कमी. मग ते तेल अंगठ्याशी घोळायचं, नाकाशी न्यायचं, उन्हात धरायचं. दुधासारखं दिसलं तर नाल्याचं पाणी शिरलंय. जळका वास आला तर तेलाचा जीव गेलाय. आणि उन्हात चमकलं तर आत दातऱ्या, म्हणजे दातेरी चाकं, एकमेकींना खाताहेत. एवढं पाहून उद्धवराव बाहेर यायचा आणि एकतर मान डोलवायचा, नाहीतर हात झटकायचा. त्याच्यापुढं वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

आणि हेच बोट धरून त्याची नात साक्षी, चार वर्षांची, बेल्याला आली की गावभर हिंडायची. दुसरं कुठलं बोट पुढं केलं तर पठ्ठी झटकून टाकायची.

तर असा हा नावाजलेला माणूस. आणि याच माणसानं घटस्थापनेच्या दहा दिवस आधी एका जीपच्या गोळ्यात लाकडाचा भुसा भरला.

काऊन भरला म्हणाल, तर भिडेपोटी. जुन्या गाड्या विकणारा, भैंसा गावचा सुरज ती जीप घेऊन आला होता. दोन वर्षांमागं उद्धवरावच्या बायकोच्या, जयवंताबाईच्या पोटात एकाएकी कळ उठून ती गडबडा लोळायला लागली, तेव्हा भर पावसात याच सुरजनं गाडी काढून तिला आदिलाबादच्या दवाखान्यात पोचवलं होतं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर बाई गेलीच होती. असा माणूस दारात उभा राहून "काका, एवढं एक काम करा" म्हणाला, तर नाही कसं म्हणायचं? उद्धवरावनं आधी बोट घातलं होतं. तेल चमकत होतं. जीप चालली की मागून रडल्यासारखा आवाज यायचा. आतल्या दातऱ्या बदलल्याशिवाय इलाज नाही, हे त्यानं सांगितलंही.

"काका, गिऱ्हाईक सपाटीवरचं हाय," सुरज म्हणाला. "शेतातून घरी, घरून शेतात. वर्ष आरामात निघते. आवाज तेवढा बंद करून द्या."

आवाज बंद करायची एकच युक्ती, आणि ती सगळ्या मिस्त्र्यांना ठाऊक असते. तेलात बारीक भुसा मिसळायचा. तेल लापशीसारखं घट्ट होतं, झिजलेल्या दातांच्या फटीत बसतं आणि आवाज गिळून टाकतं. काही दिवस. पण तोच भुसा बेअरिंगकडे जाणारं तेल अडवतो. मग आतल्या आत तापत तापत एक दिवस गोळा आवळतो आणि मागची दोन्ही चाकं जागच्या जागी जाम होतात. सपाटीवर झाली तर गाडी फरफटत थांबते. उतारावर झाली तर ती कुठं जाऊन थांबेल ते कोणी सांगावं? उद्धवरावला हे ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. चांगलं ठाऊक होतं त्याला.

आणि ही त्याची पहिली वेळही नव्हती. बावीस वर्षांपूर्वी, गॅरेज नवंनवं असताना, असाच एका गाडीत भुसा टाकला होता त्यानं. तेव्हा त्याची मुलगी शीतल सात वर्षांची होती. सुताराकडून डबाभर भुसा तिनंच आणला होता आणि गाडीखाली उकिडवी बसून डबा तिनंच धरला होता. "बाबा, काय करून राह्यले?" तिनं विचारलं, तर हा म्हणाला, "गाडीले जेवू घालून राह्यलो." पोरगी खदाखदा हसली होती. ती गाडी उटनूरकडे प्रवासी भरायला गेली. पुढं तिचं काय झालं, हे उद्धवरावनं कोणाला विचारलं नाही, आणि कोणी आपणहून सांगायला लागेल अशा जागी तो उभाही राहिला नाही.

सुरजची जीप गेली, त्यालाही मग अठरा दिवस झाले.

खंडेनवमी उजाडली. गॅरेजपुढं सडा पडला, मोठी रांगोळी निघाली. पाने, हातोडे, छिन्न्या, जॅक, सगळं रॉकेलनं लख्ख धुऊन पाटावर मांडलं होतं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूच्या माळा घातल्या, नारळ फुटला. उद्धवरावच्या घरचा नियम फार कडक. पूजेला बसलेलं औजार दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. कोणाची गाडी दारात मरून पडली तरी एक नट पिळायचा नाही. उद्धवरावचा बाप बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचा. एका नवमीला कोणाच्या तरी आग्रहापायी त्यानं हातोडा उचलला, पहिल्याच घावाला ठिणगी उडाली आणि डावा डोळा गेला. जयवंताबाई ही गोष्ट दर नवमीला सांगायची, म्हणजे कोणाची बुद्धी फिरू नये.

साडेआठ-नऊच्या सुमाराला दारात हॉर्न वाजला. पांढरी जीप, पुढं झेंडूची माळ, दोन्ही अंगाला केळीचे खांब बांधलेले. आतून शीतल उतरली, साक्षी उडी मारून उतरली, आणि गाडी चालवत होता तो जावई वैभव. भीमपूरला त्याचं बी-बियाण्यांचं दुकान.

"ओळखली का मामाजी?" वैभव छाती फुगवून म्हणाला.

ओळखणार नाही कसा? पुढचा बंपर डाव्या बाजूनं दबलेला. दाराची कडी तारेनं बांधलेली, आणि ती तार स्वतः उद्धवरावनंच बांधलेली. 

"सुरजभाऊपासून घेतली," वैभव सांगत होता. "मी तुमचा जावई हाव हे काही त्याले सांगतलं नाही. म्हणलं, पाहू खरं बोलते का. मले गाडीतलं काही समजत नाही म्हणलो, उद्धवरावनं बोट घातलं का तेवढं सांग. त्यो म्हणे, घातलं ना. मग काय पाह्यचं राह्यलं? तिथल्या तिथं घेऊन टाकली. तुमाले सांगू नको म्हणून शीतललेबी बजावलं होतं. दसऱ्याले एकदम दारातच आणू म्हणलं."

"चांगलं केलं," उद्धवराव म्हणाला.

जयवंताबाईचा आनंद मात्र पोटात मावेना. तिनं जावयाला ओवाळलं, गाडीला ओवाळलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ओवाळता ओवाळता ती थबकली आणि नाक वर करून हुंगायला लागली.

"अवं शीतल, चुलीचा वास कुठून येऊन राह्यला वं? आपल्या घरी त चूल पेटून दहा वर्षं झाले."

"आलाच असंन कोणाच्या घरून," शीतल म्हणाली.

उद्धवरावलाही तो वास आला होता. शेजारच्या घराचा नव्हता तो. जळक्या लाकडाचा वास जीपच्या मागच्या अंगाला दाट होता, आणि तिथून दोन पावलं सरकलं की विरळ होत होता.

ते निघाले होते बासरला. दसऱ्याच्या सकाळी सरस्वतीपुढं साक्षीच्या हातून पहिलं अक्षर काढून घ्यायचं होतं. नवी पाटी, नवी लेखणी, पिवळं परकर-पोलकं, सगळी जय्यत तयारी. पुढच्या वर्षी तेलुगू शाळेत नाव घालायचं, पण पहिलं अक्षर बासरलाच, असं शीतलनं कधीचं ठरवून ठेवलेलं. आणि जाताना निर्मळच्या जुन्या घाटानं जाऊ, पोरीला माकडं दाखवू, हेही तिनंच ठरवलेलं.

घाट म्हटल्यावर उद्धवराव पुढं झाला.

"बसनं जा ना," तो म्हणाला. "गर्दीचे दिवस हायेत. गाडी लावाले जागाबी नाही भेटत तिथं."

"घ्या आता!" वैभव हसला. "दारात गाडी असून बसनं जाऊ? लोक काय म्हणतीन?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "मामाजी, घाट उतराचा हाय म्हणून म्हणतो. एकदा बोट घालून पाह्यता का? दोन मिनिटाचं काम. माह्या जिवाले बरं वाटंन."

बघा, जावयानं स्वतःच्या तोंडानं मागितलं. देवानं दार उघडून दिलं म्हणा. गाडीखाली शिरायचं, बूच उघडायचं, बोट बाहेर काढून म्हणायचं, नाही बाबा, तेल खराब हाय, आज गाडी नेऊ नको. कोणी काय विचारलं असतं? पण तेलातून भुसा निघाला असता. वैभव शेजारी वाकून बघत राहिला असता. आणि ज्या बोटावर ही गाडी विकली गेली, ते बोट तेव्हा काय करत होतं, हा प्रश्न आला असता. उद्धवरावनं पाटाकडे पाहिलं. झेंडूखाली पाने निवांत पडले होते.

"आज नवमी हाय," तो म्हणाला. "पाना उचलता येत नाही."

बोलताना त्याला चक्क सुटल्यासारखं वाटलं. लाज वाटायची सोडून सुटल्यासारखं! आपली भीती झाकायला माणूस देवाचीच चादर ओढतो, आणि वरून धर्म पाळल्याचं समाधान घेतो.

"बरोबर हाय त्यायचं," जयवंताबाई म्हणाली. "आज नाही म्हणजे नाही."

"एकदा पाह्यलेली त हाय बाबानं," शीतल म्हणाली. "पुन्हा काय पाह्यचं?"

साक्षी गाडीपर्यंत त्याचं बोट धरून आली. आत बसवली तरी सोडेना. "आबा, तू पन चाल." शीतलनं एकेक बोट सोडवलं तेव्हा कुठं दार लागलं. लिंबं फट्फट् फुटली आणि जीप निघाली. गिअर पडल्याचा आवाज आला, इंजिनचा आला. मागून कसलाच आला नाही. एवढी जुनी गाडी, आणि मागून इतकी मुकी. उद्धवराव ती वळणापलीकडे जाईपर्यंत बघत उभा होता.

मग तो खाटेवर येऊन बसला आणि स्वतःची समजूत घालायला लागला. अठरा दिवस चालली, आज आणि उद्या नाही चालणार? परवा ते परत आले की म्हणू, ठेव दोन दिवस गाडी, तेल बदलून देतो. डिझेलनं गोळा धुऊन काढू, नव्या दातऱ्या बसवू, कोणाला पत्ता लागणार नाही. सुरजचं तोंड पुन्हा पाहायचं नाही. पक्का बेत केला त्यानं, आणि तरी पुढ्यातला चहा तसाच गार झाला.

अकराला जयवंताबाई अंगणातून ओरडली, "रांगोळीवर हे काय सांडलं वं माय? सारा मोर काळा करून ठेवला!"

जीप उभी होती तिथं, मागच्या चाकांच्या मधोमध, रांगोळीतल्या मोरावर तळहाताएवढा काळा डाग होता. उद्धवराव उकिडवा बसला. डागात बोट बुडवून अंगठ्याशी घोळलं. खरबरीत लागलं. नाकाशी नेलं तर जळकं लाकूड. उन्हात धरलं. नुसती चमक नव्हती ती. दाताचे तुकडे होते, बाजरीच्या दाण्याएवढे. म्हणजे आतल्या दातऱ्या आता झिजत नव्हत्या, फुटत होत्या. वर तेल धरून ठेवणारं सील गेलेलं, तेल गळतंय. अशी गाडी सपाटीवरसुद्धा किती जाईल याचा भरवसा नाही. आणि तिच्यात पिवळं परकर-पोलकं घालून साक्षी बसली होती.

"फोन लाव," तो जयवंताबाईला म्हणाला. त्याचा आवाज ऐकून ती काही न विचारता फोन लावायला लागली.

दोनदा वाजून वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वैभवनं उचलला. जयवंताबाईनं फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"बोला मामाजी! नेरडिगोंडाच्या पुढं आलो. चहा पेला, आता घाटाले लागतोच."

"वैभव, गाडी तिथंच उभी कर. तेल गळून राह्यलं तिचं. कोणाले तरी दाखव, मग पुढं जा."

"कोणाले दाखवू? आज सारे गॅरेज बंद हायेत. सारे पाने पूजेत." वैभव हसला. "तुमीच उचलला नाही, त दुसरा कोन उचलंन? जाऊ द्या, सावकाश चालवतो."

"सावकाश नाही! चालवूच नको!"

"काऊन पण?"

जयवंताबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. रस्त्यानं झेंडू घेऊन चाललेली शेजारची ताराबाईसुद्धा आरडाओरड ऐकून फाटकाशी थांबली होती. बावीस वर्षं जपलेलं नाव होतं ते. उद्धवरावनं डोळे मिटले.

"वैभव, ऐक. त्या गाडीच्या गोळ्यात मी भुसा टाकला. माह्या हातानं. आतले दात फुटून राह्यले. घाटात चाकं जाम होतीन. ऐकतं का?"

वैभव मोठमोठ्यानं हसायला लागला.

"काय मामाजी तुमी! सकाळपासून बसनं जा, बसनं जा लावलं, आता हे काढलं! पोरीची काळजी वाटते त तसं सांगा ना. तुमी अन् भुसा? साऱ्या जिल्ह्याले माहीत हाय उद्धवराव कोन हाय त्यो. दुसऱ्या कोणाचं खरं मानलं असतं मी. ठेवतो आता."

खरं बोलायची वेळ आली आणि त्याच्याच नावानं त्याचं तोंड दाबलं. उद्धवराव फोनवर ओरडत राहिला, "अरे खरं हाय! देवाशपथ खरं हाय!" तेवढ्यात पलीकडून शीतलचा आवाज आला, "द्या इकडं." मग ती अगदी हळू म्हणाली,

"बाबा, भुसा? तो डब्यातला भुसा?"

"हाव," तो म्हणाला.

पलीकडे एकदम कल्ला झाला. शीतल काहीतरी किंचाळली, साक्षी रडायला लागली, आणि फोन कटला. पुन्हा लावला तर लागेना. पुन्हा लावला. सेवाक्षेत्राच्या बाहेर.

गाडी थांबली की कोसळली, कळायला मार्ग नव्हता. उद्धवराव पाटापुढं जाऊन उभा राहिला. गोळ्याचं बूच उघडायचा पाना समोरच होता, हळदीनं माखलेला. हात पुढं होईना. बापाचा फुटलेला डोळा दिसत होता त्याला. आपल्या पापात आता ही आणखी भर, आणि त्याची झळ पोरीला लागली तर?

जयवंताबाईनं त्याला बाजूला सारलं. तिनं माळ दूर केली, पाना उचलला आणि त्याच्या हातात ठेवला.

"पूजा मी मोडली, तुमी नाही. काय व्हायचं ते मले होऊ द्या." "तुमच्याशी मी मंग बोलंन. आधी माह्या पोरी घेऊन या."

मोटरसायकलवर तो पाऊण तासात आदिलाबादला आला. तिथून फोन लावला. बाहेर. गुडीहत्नूरला लावला. बाहेर. रस्त्याच्या कडेनं एकामागून एक गॅरेजं जात होती आणि एकाचंही शटर वर नव्हतं. दारात पाने मांडलेले, वर माळा, उदबत्त्या जळून राख झालेल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हार आणि लिंबं. सगळा जिल्हा सणात होता आणि हा एकटाच हळदीचा पाना पोटाशी खोचून चालला होता. इच्चोड्याच्या पुढं मागून रुग्णवाहिका भोंगा वाजवत आली आणि त्याला ओलांडून घाटाच्याच दिशेनं गेली. उद्धवराव कडेला थांबून तिच्याकडे बघत राहिला. दूर ती गाडी एका खेड्याच्या रस्त्याला वळली, तेव्हा त्याला रडू फुटलं आणि त्यानं तसंच रडत गिअर टाकला.

नेरडिगोंडा मागं पडलं. जुन्या रस्त्याला लागला तशी दोन्ही बाजूंनी सागाची झाडं दाटली. समोरून एक मोटरसायकलवाला आला, त्याला हात करून विचारलं, "पांढरी जीप पाह्यली का?" तो तेलुगूत काहीतरी सांगून मागं बोट दाखवत निघून गेला. उद्धवरावला तेलुगू चांगलं येत होतं. पण त्या घडीला एक शब्द कळला नाही.

वळण घेतलं आणि जीप दिसली.

रस्त्यात तिरपी उभी होती. मागच्या चाकांनी डांबरावर दोन काळे पट्टे ओढले होते आणि खाली तेलाचं थारोळं पसरलं होतं. तिच्या पुढं शंभरेक पावलांवर रस्ता खाली झुकत होता, आणि तिथून पुढं नुसती झाडांची टोकं दिसत होती. वैभव बॉनेटला टेकून उभा होता. शीतल कडेला दगडावर बसली होती, आणि तिच्या पायाशी साक्षी काडीनं मातीत रेघोट्या ओढत होती.

उद्धवरावनं मोटरसायकल लावलीसुद्धा नाही, ती तशीच आडवी झाली.

झालं होतं असं. शीतलनं किंचाळून गाडी थांबवायला लावली आणि पोरीला घेऊन खाली उतरली. चढेचना पुन्हा. वैभव चिडला. बाप-लेकीनं येडं लावलं म्हणाला, निदान सावलीत तरी घेऊ दे म्हणाला, आणि एकट्यानं गाडी पुढं काढली. वीस पावलं गेली असेल. मागं फाट्कन आवाज झाला आणि दोन्ही चाकं जाम झाली.

उद्धवराव पाना घेऊन गाडीखाली सरकला. गोळा इतका तापला होता की मनगटाला चटका बसला. त्यानं बूच उघडलं, बोट आत घातलं. खाली, आणखी खाली, तेल नव्हतंच. जळका लगदा तेवढा बोटाला लागला, आणि त्यात एक अख्खा दात. तो बाहेर आला आणि त्यानं ते वैभवपुढं धरलं.

वैभवनं ते वाकून पाहिलं. "तुमी बोट घातलं होतं ना मामाजी?"

"घातलं होतं."

"मग?"

"मले दिसलं होतं सारं."

वैभवनं मान फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर उद्धवरावला बरं वाटलं असतं. शीतल उठून जवळ आली. तिचे डोळे कोरडे होते.

"बाबा, मी डबा धरला होता ते गाडी. ते कुठी गेली?"

"उटनूरकडं."

"माणसं बसत होते तिच्यात?"

"बाजाराचे माणसं. बाया, लेकरं."

"मग? काय झालं तिचं?"

"मी विचारलं नाही," उद्धवराव म्हणाला.

"बावीस वर्षं विचारलं नाही?"

जंगलात कुठंतरी माकडं ओरडत होती. दूर निर्मळकडून एक बस घाट चढून येत होती, तिचं इंजिन कण्हत असल्यासारखं ऐकू येत होतं.

"आबा आला!" साक्षीला आता कुठं तो दिसला. काडी टाकून ती धावत आली आणि सवयीनं त्याचं बोट धरलं, गच्च. शीतल खाली वाकली. तिनं पोरीची मूठ सोडवली, सकाळी सोडवली होती तशीच, एकेक बोट करून. पोरीच्या तळहाताला काळं लागलं होतं. ते तिनं ओढणीनं पुसलं, थुंकी लावून पुन्हा पुसलं.

"आबाचं बोट पाह्यजे," साक्षी रडायला लागली.

"नाही," शीतल म्हणाली. तिनं पोरीला कडेवर घेतलं, वैभवला पिशवी आणायला सांगितलं आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन येणाऱ्या बसला हात केला. बस आदिलाबादकडे जाणारी होती. बासर उलट्या दिशेला राहिलं. तिघं चढले, दार लागलं. खिडकीतून साक्षी हात बाहेर काढून रडत होती, आणि शीतलनं तो हात आत ओढून घेतला.

उद्धवराव जीपपाशी उभा होता. त्याचं बोट अजून तसंच पुढं धरलेलं होतं, आणि ते खाली कधी घ्यायचं हे त्याला कळत नव्हतं.